कानाशी न धरलेला नारळ

मांजरसुंब्याच्या पुढं, ढाब्यांची रांग संपते तिथं नारळेबाबाचा मठ होता. गुरुवारी तिथं चपला काढायला जागा मिळत नसे. त्या गुरुवारी मंडपात चारशे माणसं होती आणि मधोमध पाटावर तेलगावचा नवनाथ बसला होता. नवनाथ पाण्याच्या पंपांच्या जळालेल्या मोटारींची कॉइल भरून द्यायचा. त्याच्या डोक्यात गाठ होती. बाबानं डोळे मिटून ती बरोबर डाव्या बाजूला दाखवली तेव्हा मंडपातून हुंकार उठला. नवनाथचा चुलतभाऊ बंकट यानं सकाळीच एमआरआयची फिल्म आत नेऊन दिली होती, ही गोष्ट कुणाला फारशी महत्त्वाची वाटली नाही.

बाबानं टोपलीतला नारळ उचलला. नारळ मठाचाच लागायचा, बाहेरचा अपवित्र.

"ऐक गं गाठे," बाबा म्हणाला, "ही कवटी सोड आन् ती कवटी धर. तिथं खोबरं हाय, हितं काय हाय?"

लोक हसले. नवनाथही हसला. बाबानं नारळ सात वेळा त्याच्या डोक्यावरून उतरवला आणि दगडावर आपटला. पाण्याचा थेंब सांडला नाही. आतून काळपट लाल, मऊ, अंगठ्याएवढी गाठ निघाली.

"पाणी कुठं गेलं, बाबा?" कुणीतरी विचारलं.

"गाठीनं पेलं," बाबा म्हणाला. "लई तहानलेली होती."

मग त्यानं नवनाथला विचारलं, "डोस्कं दुखतंय का?"

"न्हाई बाबा."

हे खरंच होतं. मंगळवारपासूनच दुखत नव्हतं. पण मंगळवारचं कुणी विचारलंच नाही.

बाबानं गाठ लाल फडक्यात बांधून नवनाथच्या बायकोच्या, वनिताच्या हातात दिली. "सूर्य मावळायच्या आत वाहत्या पाण्यात सोड. उघडून बघू नको. आन् दवाखान्याच्या गोळ्या आजपासून बंद. दोन औषधं पोटात भांडत्यात."

वनिताला खरं तर या मठात यायचंच नव्हतं. सोमवारी ती नवऱ्याला घेऊन संभाजीनगरच्या दवाखान्यात गेली होती. तिथं गोळ्या सुरू झाल्या आणि स्वप्ना सिस्टर भेटली. डोक्यात गाठ असलेल्या प्रत्येक माणसाची फाइल सांभाळायची, कोणत्या डॉक्टरनं काय सांगितलं ते दुसऱ्याला कळवायचं आणि घरच्यांना फोन करायचा, हे तिचं काम. ती म्हणाली होती, "बुधवारी आमची बैठक असते. आठ जण बसून तुमची फिल्म बघतील. मग ठरेल."

हे ऐकून बंकट घरी येऊन मांडी घालून बसला.

"आठ जण? वहिनी, आठ जण बसत्यात म्हंजी एकालाबी कळंना. आपल्याकडं पंच कवा बसत्यात? मामला बिघडल्यावर. बाबा एकटा हाय. इचारावं लागत न्हाई कुणाला."

नवनाथची आई मुक्ताबाई यांना ते पटलं. एकटा माणूस छातीठोक सांगतो, आणि हे आठ जण अजून ठरवतायत. बुधवारी बैठक झाली, पुढच्या आठवड्यात या, असा सिस्टरचा निरोप आला, तरी सगळे गुरुवारी मठातच गेले.

आता ते फडकं वनिताच्या हातात होतं. स्वप्ना सिस्टरचं एक वाक्य तिच्या डोक्यात बसलं होतं: गाठ कुणीही काढली तरी ती तपासायला जातेच, त्याशिवाय पुढचं औषध ठरत नाही. वनिताला वाटलं, बाबानं काढली म्हणून काय झालं? हीसुद्धा तपासायलाच हवी. तिनं मेडिकलमधून स्पिरिट आणलं, मोरंब्याची बरणी धुतली आणि गाठ त्यात ठेवली. पुढचे चार दिवस ती बरणी ठेवलेल्या फळीखालून जाताना डोक्यावर पदर घेत होती.

गोळ्या बंद झाल्या. शनिवारी नवनाथचं डोकं ठणकायला लागलं. रविवारी उलट्या. सोमवारी सकाळी फोन आला.

"ताई, स्वप्ना बोलतेय. उद्या येताय ना? डोकं दुखतंय का त्यांचं?"

"हो. तुमाला कसं कळलं?"

"कळलं नाही, विचारलं. गोळ्या बंद केल्यात का?"

वनितानं फळीवरच्या बरणीकडं पाहिलं.

"ताई, गाठीभोवती सूज होती. गोळीनं सूज उतरली, म्हणून डोकं थांबलं. गाठ तिथंच आहे. गोळी अशी एकदम बंद करायची नसते. आजच निघा."

फोन ठेवेपर्यंत नवनाथ दुकानाच्या ओट्यावर आडवा झाला होता. उजवा हात फडफडत होता, डोळे वर गेले होते. बंकट त्याच्या नाकाशी कांदा धरून बाबाचं नाव घेत होता.

"भावजी," वनिता म्हणाली, "कांदा सोडा आन् गाडी आणा."

तिनं फाइल घेतली, गोळ्या घेतल्या आणि बरणीही घेतली.

दवाखान्यात नवनाथला भरती करून घेतलं. बुधवारी बैठकीच्या खोलीचं दार पुरतं लागलं नव्हतं. बाहेरच्या बाकावर वनिता आणि मुक्ताबाई बसल्या होत्या. आतलं बोलणं ऐकू येत होतं.

"पूर्ण काढतो," एक आवाज म्हणाला.

"कडेचा भाग काढला तर उजवा हात जाईल," दुसरा म्हणाला. "हे बघा फिल्मवर."

"ठेवला तर वाढेल."

"त्याला आपण नंतर किरणं देऊ शकतो."

"हा माणूस करतो काय?" एका बाईनं विचारलं.

"मोटारीची कॉइल भरतो," हा आवाज स्वप्ना सिस्टरचा. "उजव्या हातानं. केसाएवढी तार असते, मॅडम."

 मग पहिला आवाज म्हणाला, "बरं. कड ठेवतो."

मुक्ताबाईंनी सुनेकडं पाहिलं. "भांडायलेत का गं ते?"

"भांडायलेत, आत्याबाई. तुमच्या लेकाच्या हातासाठी."

गाठी तपासणारे डॉक्टर दोन दिवसांनी, वनितानं तपासायला दिलेली बरणी घेऊन स्वतःच वॉर्डात आले. विनोद केला असं त्यांच्या चेहऱ्यावरून अजिबात वाटलं नाही.

"हे काळीज आहे," ते म्हणाले. "माणसाच्या डोक्यात काळीज नसतं."

"कुणाचं?" वनितानं विचारलं.

"बहुधा बकऱ्याचं. ठामपणे सांगता येणार नाही. पण हळद आणि मीठ लागलेलं आहे."

मुक्ताबाईंनी बरणी हातात घेऊन फिरवून बघितली. मठाशेजारी ढाबे किती, ते त्यांना माहीत होतं.

ऑपरेशन झालं. चमत्कार झाला नाही. कड ठेवलीच होती, पुढं सहा आठवडे किरणं घ्यावी लागली. व्यायामवाल्या मॅडमनी नवनाथला जुनी जळकी मोटार घरून आणायला लावली आणि वॉर्डातच त्याच्याकडून तार गुंडाळून घेतली. पहिल्या दिवशी चार वेढे झाले. गाठ पुन्हा येऊ शकते, दर तीन महिन्यांनी फिल्म काढायची, हेही डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. बाबानं असलं काही कधी सांगितलं नव्हतं.

घरी आल्यावरच्या पहिल्या गुरुवारी मुक्ताबाई मठात गेल्या. वनिता सोबत होती. मंडप भरलेला. पाटावर वडवणीचा एक माणूस, शेजारी त्याची बायको. बाबानं टोपलीकडं हात नेला, पण त्याच्याआधी मुक्ताबाईंनी तीतला एक नारळ उचलला आणि कानाशी धरून हलवला.

मठात हे आजवर कुणालाच सुचलं नव्हतं, वनितालाही नाही. आत्याबाई बाजारात दहा नारळ असे हलवल्याशिवाय एक घेत नसत. मंडपातली एकही बाई घेत नसेल.

"बाबा, ह्यात पाणी न्हाई," मुक्ताबाई म्हणाल्या. दुसरा हलवला. "ह्यातबी न्हाई. ह्या गाठींनी आधीच पेलं का?"

"काकू, खाली ठेवा," बंकट पुढं आला.

"तू गप बस बे. तुझ्या नादानं माझं लेकरू मेलं असतं." त्यांनी अंबाड्यातला आकडा काढून नारळाच्या डोळ्यात घातला. कुंकवाखाली मेण होतं. मेणाखाली भोक. नारळ दगडावर आपटला तेव्हा आतून काळीज पडलं, हळद लावलेलं.

वडवणीची बाई उठली आणि बाबाच्या चेल्यापुढं हात पसरून उभी राहिली. "आमची फिल्म द्या."

बाबा मागच्या दारानं कुठं गेला, ते अंतर्ज्ञानानं कुणालाच कळलं नाही. दोन दिवसांनी पोलिसांना कळलं. तक्रारीवर पहिली सही मुक्ताबाईंची होती.

आता उघड सांगतो. जो एकटा बसतो, कुणाला विचारत नाही, ज्याची चूक काढायला शेजारी कुणी नसतं, त्याच्या पुढं आपण डोकं देतो. आणि जे आठ जण आपल्यासाठी एकमेकांच्या चुका काढत बसतात, त्यांना कळत नाही म्हणून हसतो. डॉक्टरलाही प्रश्न विचारा, चिडला तरी विचारा. गोळी बंद करायची तर ज्यानं दिली त्याला विचारून करा. आणि पुढच्या वेळी कुणी बाबा हातात काही ठेवेल, तेव्हा बाजारात जे करता तेवढंच करा. आधी कानाशी धरून हलवा.