पश्चिम, सात, पंधरा

भाताचं भांडं, आत मूठभर तांदूळ.

पश्चिम, सात, झोत पंधरा.

धक्क्यावर दोरीने बांधलेला फ्रिज.

देव सध्या जागेवर नाहीत.

उत्तर, दहा, झोत बारा.

दक्षिण कोरियातल्या जेजू बेटांवर घर बदलायचं ते जानेवारी सरतानाच्या त्या आठवड्यात. जुने देव वर्षाचा अहवाल द्यायला वर गेलेले असतात, नवे अजून रुजू झालेले नसतात. मधल्या काळात कोण कुठे राहायला गेलं ते बघायला कुणी नसतं. आज शेवटचा दिवस होता. उद्यापासून बू ओक-सनला भिंतीतला खिळासुद्धा हलवता आला नसता, आणि असले गुडघे घेऊन गापादो बेटावर आणखी एक वर्ष एकटीने काढावं लागलं असतं. पलीकडे मोठ्या बेटावर, मोसुलपो बंदरात, मुलाच्या शेजारी, खोली तयार होती. प्रवासी लाँच दुरुस्तीला गेली होती. राहता राहिली दिराची, मान-सूची, मासेमारीची होडी.

सकाळीच मुलाचा फोन आला.

"आई, निघालीस ना? आत्ता वारा सेकंदाला सातच मीटर आहे. दुपारी दहा होणार म्हणतात. ट्रकवाला थांबलाय."

"झोत किती सांगितलाय?"

"पंधरा. पण तो काय, क्षणभर येतो नि जातो."

"होडी उलटायला किती वेळ लागतो, काकांना विचार."

मान-सू जाळ्याची गाठ सोडवत होता. "त्याला म्हणावं, ट्रकवाल्याला पोहता येतं का ते आधी बघ."

"दुपारी निघू," ओक-सन फोनमध्ये म्हणाली.

"आई, दहा हा सातापेक्षा मोठा असतो."

"शाळेत तुला मीच घातलं होतं, तोंग-ग्यू. सात ही सरासरी. सातावरून पंधरावर उडी मारणारा वारा पुढच्या घटकेला काय करेल ते त्यालाच ठाऊक नसतं. त्यात येणार पश्चिमेकडून, म्हणजे होडीच्या कुशीत. दुपारचा उत्तरेचा आहे. मोसुलपो उत्तरेलाच. तोंडावर घेऊ. दहाचा फार तर बारा होईल."

"दुपारी ट्रक मिळणार नाही. आज सगळं जेजू सामान हलवतंय. फ्रिज काय डोक्यावर आणणार आहेस?"

ओक-सनने फोन ठेवला आणि फ्रिजकडे पाहिलं.

"भावजी, हा परत घरी न्या."

"वहिनी, आत्ताच तर आणला."

"म्हणूनच वाट पाठ आहे तुम्हाला."

मान-सूने फ्रिज परत नेला. वाटेत तो फ्रिजशी काहीतरी बोलत होता. ते वहिनीबद्दल होतं.

नव्या घरात आधी भाताचं भांडं जातं आणि रात्री लघवीला घ्यायचं पितळी भांडं जातं. ही दोन आत गेली की माणूस राहायला आलं. बाकीचं सामान सवडीने आलं तरी देवांची हरकत नसते. दुपारी वारा उत्तरेचा झाला, तशी दोघं निघाली. एका मांडीवर एक, दुसऱ्या मांडीवर दुसरं, अशी ओक-सन होडीत बसली. होडी प्रत्येक लाटेवर नाक उचलायची आणि आपटायची, उचलायची आणि आपटायची. दोघंही नखशिखांत भिजली. तांदूळसुद्धा भिजले.

"आजच शिजवा," मान-सू म्हणाला. "निम्मं काम झालंय. मीठही पडलंय."

मोसुलपोच्या धक्क्यावर तोंग-ग्यू तोंड फुगवून उभा होता. ट्रक केव्हाच गेला होता. तो पितळी भांडं घेऊन पुढे चालू लागला. रस्त्यात ओळखीचे लोक भेटत होते, आणि त्याच्या हातात काय आहे ते सगळ्यांना दिसत होतं.

उजेड होता तोवर दोन्ही भांडी उंबऱ्याच्या आत गेली.

"आणि फ्रिज?" त्याने विचारलं.

"येईल पुढच्या महिन्यात. फ्रिजकडे कुठल्या देवाचं लक्ष नसतं."

तोंग-ग्यू रांगत होता त्या वर्षी ओक-सनचा नवरा याच पाण्यात बुडाला. सकाळी रेडिओने वारा सात सांगितला होता.