सहावा आठवडा

थोंगदीचा अंगठा लुकतानच्या उजव्या मांडीच्या मागे येऊन थबकला. काल इथली शीर दाबाखाली सरकत होती. आज ती ताणलेल्या दोरीसारखी जागची हलेना.

"दुखतं का गं?"

"छे, मावशी. काहीच नाही."

थोंगदीने पुन्हा विचारले नाही. थायलंडमधल्या नोंथबुरीच्या या टेनिस मैदानामागच्या खोलीत ती एकतीस वर्षे खेळाडूंची अंगे रगडत होती, आणि आपल्याकडच्या पोरींच्या तोंडून 'दुखतं' हा शब्द तिने क्वचितच ऐकला होता. आपल्यामुळे दुसऱ्याला अवघडल्यासारखे होऊ नये, याच धाकात त्या लहानाच्या मोठ्या होतात. म्हणून ती विचारी ते केवळ रीत म्हणून. उत्तर मात्र अंगठ्याकडून घेई.

लुकतानचा हा सलग सहावा आठवडा आणि सहावी स्पर्धा. उद्या एकेरीचा अंतिम सामना, आज संध्याकाळी दुहेरीची उपांत्य फेरी, आणि मंगळवारी दुसऱ्या गावी पुन्हा पहिली फेरी. सव्विसावे सरत आले तरी तिच्या नावावर एकही विजेतेपद नव्हते. हे शेवटचे वर्ष, असे तिने घरी सांगून टाकले होते.

दाराशी तिचे प्रशिक्षक विरात उभे होते. सगळे त्यांना 'ख्रू', म्हणजे गुरुजी, म्हणत.

"ख्रू, आजची दुहेरी नको," थोंगदी म्हणाली, आणि आपल्याच आवाजाने दचकली.

"मावशी, तेल तुम्ही लावा, सामने मी लावतो." ख्रू हसले. "खेळूनच अंग तयार होतं. बसून राहिलं की गंज चढतो."

"गंज घासून निघतो. तुटलेलं सांधत नाही."

"आणि हिच्या जोडीदाराला, पिमला, काय सांगू? पोरीची पहिलीच उपांत्य फेरी आहे."

लुकतान चटकन उठून बसली. "खरंच, मावशी. पिमला वाईट वाटेल. तिच्यासाठी तरी खेळायलाच हवं."

थोंगदी गप्प झाली. हे गप्प होणे जुने होते. तिचा नवरा सनित जत्रांच्या हंगामात बॉक्सिंगच्या झुंजी खेळे. आज या देवळापाशी, परवा त्या. गुडघा कामातून जात असल्याचे तिच्या बोटांना आधी कळले होते. पण जत्रेवाल्यांना शब्द दिला होता, आणि तिनेच पट्टी बांधून त्याला रिंगणात पाठवले. त्यानंतर तो कधी धावला नाही. त्याने तिला कधी बोल लावला नाही, हेच तिच्या मनात खोल रुतून राहिले.

दुपारी पिम येऊन चटईवर पालथी पडली. थोंगदीची बोटे खांद्याखाली गेली, आणि पोरीने श्वास रोखून धरला.

"हात वर जातो?"

"जातो की."

"मग आज केस कोणी बांधून दिले?"

पिम उशीत तोंड खुपसून म्हणाली, "खोलीतल्या मैत्रिणीनं."

"अगं, मग खेळतेस कशाला?"

"लुकतानताईला हवंय ना. एवढी थकलीये, तरी माझ्यासाठी खेळतेय. मी कुठल्या तोंडानं नाही म्हणू?"

थोंगदीचे हात थांबले. मग तिला असे हसू फुटले की टॉवेलने डोळे पुसावे लागले. तिने दार उघडून बाहेर जेवत बसलेल्या लुकतानला हाक मारली, "लुकतान! हातातली कोशिंबीर ठेव आणि इकडे ये. ख्रू, तुम्हीसुद्धा!"

दोघे आत आले, तशी ती म्हणाली, "ही तुझ्यासाठी खेळतेय, तू हिच्यासाठी. मग खेळायचंय नक्की कोणाला? ख्रूंना?"

पोरी एकमेकींकडे बघत राहिल्या.

"ताई, तुला नको होतं?"

"तिसऱ्या आठवड्यापासून नको होतं! तू बोलली का नाहीस, गाढवे?"

"तू तरी कुठे बोललीस!"

दोघी हसता हसता रडू लागल्या. ख्रूंचा चेहरा मात्र उतरला होता. "मी पंचांना कळवतो," ते म्हणाले. "पण उद्या ही हरली, तर मावशी, खापर तुमच्यावर."

"फोडा. पण हरली तरी ती दोन पायांवर उभी राहून हरेल."

त्या संध्याकाळी थोंगदीने ती शीर घाई न करता, भिजलेला दोर उकलावा तशी, सैल केली. लुकतान तिथेच झोपी गेली.

रविवारी थोंगदी जाळीबाहेर उभी राहिली. तिने चेंडूकडे पाहिलेच नाही. ती फक्त ती मांडी पाहत होती. पहिला सेट लुकतानचा, दुसरा समोरच्या जपानी मुलीचा. तिसऱ्यात त्या मुलीची पावले जड झाली. ती आदल्या संध्याकाळी दुहेरी खेळून आली होती. लुकतान मात्र डावीकडून उजवीकडे अशी धावत होती, जणू हा तिचा पहिलाच आठवडा. सहा-दोन. तिने रॅकेट टाकली आणि पिम कुंपण ओलांडून तिच्या गळ्यात पडली. सारे मैदान ओरडत होते. थोंगदीही ओरडली, एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

सोमवारी ख्रू आले. त्यांनी बूट दाराबाहेर काढले, चटईच्या कडेला खाली बसले, आणि पुढच्या तीन महिन्यांच्या स्पर्धांचा कागद तिच्यापुढे सरकवला.

"उद्याचा सामना मी काढून टाकलाय. पुढचे कोणते आठवडे काढू, मावशी?"

"मला काय कळतं त्यातलं, ख्रू?"

"कळतं. तुम्हीच खोडा."

तिने हात टॉवेलला पुसले, तरी पेन बोटांतून निसटत होते. पाचव्या आठवड्यावर तिने एक रेघ ओढली. मग बराच विचार करून नवव्यावरही. कागदावर तिच्या अंगठ्याचा तेलकट ठसा उमटला. ख्रूंनी तो पुसला नाही. कागदाची नीट घडी घालून त्यांनी ती खिशात ठेवली.