वीस मिनिटांचं मशीन

मारेगावच्या शाळेच्या मैदानावरचं गवत इंदूबाईंनी आठ वर्षं विळ्यानं कापलं. मग लोहाऱ्याच्या एका बंद कारखान्याच्या बागेतला गवत कापायचा छोटा ट्रॅक्टर शाळेला फुकटात मिळाला. चालवायला कोणी पुढे येईना, तेव्हा इंदूबाईच पदर खोचून सीटवर चढल्या. गावानं हसायचं तेवढं हसून घेतलं. तीन वर्षांत त्यांची कंबरदुखी गेली आणि मशीनचा आवाज घरच्या माणसाच्या खोकल्यासारखा ओळखीचा झाला.

यंदा दसरा झाला आणि मशीनचे नखरे सुरू झाले. सकाळी गुमान सुरू व्हायचं, वीस मिनिटं चालायचं, मग दोन उचक्या देऊन मधोमध बसायचं. मिस्त्री कपिल तीनदा येऊन गेला. त्यानं कार्बोरेटर धुतला, फिल्टर बदलला, पेट्रोलचा पाइप नवा टाकला. दरवेळी तो मशीन सुरू करून दाखवायचा, ऐटीत चहा प्यायचा, आणि त्याची पाठ वळली की ते बंद पडायचं.

रविवारी याच मैदानावर तालुक्याच्या शर्यती होत्या. शनिवारी सकाळी शाळेचे अध्यक्ष भगवानराव आले ते भंगारवाल्याचा टेम्पो घेऊनच.

"बारा वाजेपर्यंत पाहू, बाई," ते म्हणाले. "नाई चाललं तर हे जाईन टेम्पोत, अन् तुमी चार बाया घेऊन विळ्यानं कापून टाका."

विळ्याची लाज इंदूबाईंना कधीच नव्हती. पण एकदा सीटवर बसलेल्या बाईनं अख्ख्या गावासमोर खाली उतरून पुन्हा उकिडवं बसायचं, हे त्यांना सोसणार नव्हतं.

त्या दिवशीही वीस मिनिटांनी मशीननं उचकी दिली आणि थांबलं. सकाळीच बोलावून ठेवलेला कपिल पाना घेऊन धावला.

"पेट्रोल खाली येऊन नाई राह्यलं," तो म्हणाला. "पाइप साफ हाये, फिल्टर नवा हाये. काहून येत नाई, मले तर समजून नाई राह्यलं."

"थांब बाप्पा, टाकी पाहू दे मले."

इंदूबाईंनी झाकण फिरवलं. फस्स करून हवा आत ओढली गेली. पेट्रोल भरपूर होतं. त्यांनी झाकण लावलं, चावी फिरवली, आणि मशीन सुरू झालं.

"थंडं झालं का मंग होते सुरू," कपिल म्हणाला.

थंड व्हायला दोन मिनिटंही गेली नव्हती. इंदूबाईंना आठवलं, दरवेळी कोणीतरी पेट्रोल पाहायला झाकण उघडलं होतं, आणि मगच मशीन चाललं होतं. घरी तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं की तेल अडून अडून येतं. हवेला दुसरं भोक पाडलं की सरळ धार लागते. हे त्यांना कोणत्या मिस्त्रीनं शिकवायची गरज नव्हती.

त्यांनी मशीन बंद करून झाकण हातात घेतलं. वर शेंदराचा जाड थर होता, त्यांनीच लावलेला. आधीच्या दोन दसऱ्यांना पूजेचं कुंकू आठवड्यात उडून गेलं होतं. म्हणून यंदा त्यांनी जवसाच्या तेलात शेंदूर कालवून झाकणावर चांगली पाच बोटं ओढली होती. जवसाचं तेल ते, वाळून दगड झालं होतं. त्यांनी बांगडीतली सेफ्टी पिन काढली, मनात हात जोडले आणि खरवडायला लागल्या. खाली मोहरीएवढं भोक निघालं.

"हे कायचं रे, कपिल?"

कपिलनं कपाळाला हात लावला. "हवेचं. देवाचं लावलेलं म्हणून मी त्याले हातच नाई लावला, काकू."

इंदूबाई पुन्हा सीटवर बसल्या. भगवानराव घड्याळ काढून उभे राहिले. वीस मिनिटं झाली. तिसावं मिनिट गेलं, चाळिसावंही गेलं, आणि मशीन एकदाही अडखळलं नाही. बारा वाजायच्या आत मैदान साफ होतं. इंदूबाईंना इतका आनंद झाला होता की त्यांनी एक फेरी उगाच मारली.

"बिघाड काय होता?" भगवानरावांनी विचारलं.

"चूक माहीच होती, भाऊ," इंदूबाई म्हणाल्या. त्यांनी शेंदराची सगळी हकिकत सांगितली, काही न लपवता. भगवानराव पोट धरून हसले, आणि शेवटी म्हणाले, "पुढच्या दसऱ्याले पूजा तुमीच करा. फक्त बोटं बॉनेटवर ओढा."

भंगारवाला कुरकुरत टेम्पोकडे निघाला. सकाळपासूनचा त्याचा खोळंबा झाला होता. इंदूबाईंनी त्याला थांबवलं, शाळेच्या सामानाच्या खोलीत गेल्या आणि खिळ्याला टांगलेला आपला जुना विळा आणून टेम्पोत टाकला.

"एवढं घेऊन जा," त्या म्हणाल्या.