एका बाईचं उदाहरण

ग्रीक शोकांतिकेवर बोलायला उभे राहिले की प्राध्यापकांना घड्याळ दिसत नसे. तत्त्वज्ञान शिकवता शिकवता केस पिकले होते, पण या एका विषयात ते अजूनही नव्या नवलाईने रंगायचे. त्या दुपारी तर वाचनालयाचं सभागृह भरून लोक जिन्यात उभे होते.

"दुसऱ्याची वाताहत बघायला माणसं हौसेने का जातात?" त्यांनी सुरुवात केली आणि एकेक मत उलगडत गेले. कोणी म्हणतं, करुणा आणि भीती आपल्या आत साचतात, नाटक बघताना त्यांचा निचरा होतो, माणूस हलका होऊन घरी जातो. कोणी म्हणतं, तिथे चांगल्या-वाइटाचं भांडण नसतंच, दोन खऱ्या बाजू एकमेकींवर आदळतात. आणि कोणी म्हणतं, नायक धुळीला मिळाला तरी जगण्याची रग उरते, त्या रगेचाच आपल्याला कैफ चढतो.

"पण मला विचाराल तर," ते म्हणाले, "सगळं मर्म चुकीत आहे. पाप नव्हे, चूक. भल्या माणसाने भल्या हेतूने केलेली गोष्ट, आणि तिच्यातूनच झालेला घात. माझ्या माहितीतल्या एका बाईंचं उदाहरण देतो."

त्या बाईंचा नवरा परगावी होता. दुसऱ्या दिवशी मुलीचा शाळेत कार्यक्रम. बाईंनी नवऱ्याला गळ घातली, उद्याची गाडी नको, आजच निघ, पोरगी वाट बघतेय. तो निघाला. त्या गाडीला अपघात झाला. "प्रेमानेच बोलावलं," प्राध्यापकांनी आवाज खाली आणला, "आणि प्रेमानेच नेलं."

पुढच्या रांगेतल्या एका बाई पदराने डोळे पुसत होत्या.

उदाहरणातली बाई म्हणजे प्राध्यापकांची सख्खी मोठी बहीण. मेहुणे गेले त्या आठवड्यात, घर माणसांनी भरलेलं असताना, ताईने त्यांना स्वयंपाकघरात ओढून दार लोटलं होतं. "मीच त्याला आज ये म्हटलं रे. कोणाला सांगू नकोस. चिंगीला तर कधीच नको. तिच्यासाठी येत होता हे कळलं तर ती जन्मभर तेच धरून बसेल." त्यांनी ताईचा हात हातात धरून शब्द दिला होता. काही वर्षं तो पाळलाही. मग एकदा वर्ग पेंगत होता, त्यांनी अपघातातल्या बसची आगगाडी केली, गाव बदललं, आणि ही गोष्ट सांगून टाकली. वर्ग टक्क जागा झाला. तेव्हापासून ती व्याख्यानातच मुरली. नाव कुठे घेतोय आपण, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती.

व्याख्यान संपलं, दिवे लागले, प्रश्नोत्तरं सुरू झाली. मागून एक मुलगी माईक घेऊन उभी राहिली. ती ताईची चिंगी होती. आता कॉलेजात जाणारी, मामाला चकित केल्याच्या आनंदात हसणारी.

"सर," तिने मुद्दाम लांबवून म्हटलं, "त्या बाईंच्या मुलीला हे माहीत आहे का?"

तिच्या शेजारी ताई बसली होती. शाळेचे पेपर तपासायचे आहेत, जमणार नाही, असं तिने सकाळीच कळवलं होतं. चिंगीनेच तिला उठवून आणलं असणार. ताईची मान खाली होती.

तेव्हा काहीही बोलून विषय बदलता आला असता. पण प्राध्यापकांच्या जिभेला वळण पडलेलं होतं, आणि सभागृह वाट बघत होतं.

"नाही," ते म्हणाले. "तेच तर शोकांतिकेचं सामर्थ्य. बघणाऱ्याला सगळं ठाऊक असतं. जिचं आयुष्य आहे, तिलाच ठाऊक नसतं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. चिंगीनेही वाजवल्या. आणि ताईनेही, मान वर न करता.

हार, चहा, फोटो यांतून सुटून ते बाहेर आले, तोवर दोघी निघून गेल्या होत्या.

संध्याकाळी ते ताईकडे गेले. दार ताईनेच उघडलं. चिंगीच्या खोलीचं दार बंद होतं.

"कळलं तिला?"

"मीच सांगितलं. येताना रिक्षात." ताई खुर्चीवर टेकली. "ती म्हणत होती, आई, मामाने काय भारी उत्तर दिलं ना! उद्या कुठून तरी तिला कळण्यापेक्षा मीच बोलले."

"ताई, माझं चुकलं."

"चुकलं?" ताईने वर पाहिलं. "चूक ती माझी होती, बाळ्या. तूच फोड करून सांगितलंस ना दुपारी, चूक कशाला म्हणतात ते? तू केलंस ते समजून उमजून केलंस."

प्राध्यापक उभेच राहिले. "बस" असं त्यांना कोणी म्हटलं नाही.

"सभागृहात माझ्या शेजारी बसलेली बाई ढसाढसा रडली," ताई सांगत होती. "मग नाक पुसून मला म्हणाली, रडून किती हलकं वाटतं, नाही? मी हो म्हटलं. टाळ्याही वाजवल्या. नसत्या वाजवल्या तर चिंगीला शंका आली असती. मला एवढंच सांग, किती वेळा सांगितलंस हे?"

ते आकडा आठवू लागले आणि आठवेना. पुष्कळदा, इतकंच म्हणता आलं.

खोलीचं दार उघडलं. चिंगीचे डोळे सुजलेले होते. मामाला आजवर ती अरेतुरेच करत आली होती.

"तुम्ही मला विचारू दिलंत," ती म्हणाली. "मी हसत हसत विचारलं आणि तुम्ही उत्तर दिलंत. मला बाबा आठवून रडायचं होतं तर मी इथे रडले असते, आईजवळ. तुम्ही मला टाळ्या वाजवायला लावल्या."



"जेवायची वेळ झाली," ताई उठली. तिने दोन ताटं घेतली, क्षणभर थांबली, आणि तिसरं काढलं नाही. प्राध्यापक चपला घालून खाली आले. जिन्यात ताईच्या शेजारचे गृहस्थ भेटले. "आज तुमचं व्याख्यान गाजलं म्हणे!" प्राध्यापकांनी हात जोडले आणि तोंड लपवत ते निघाले.

पुढच्या महिन्यात एका कॉलेजात तोच विषय होता. सगळी मतं सांगून झाली आणि उदाहरणाची जागा आली, तेव्हा प्राध्यापक थांबले. पोरं वाट बघत होती. मागे कोणी जांभई दिली.

"एवढंच," ते म्हणाले आणि कागद गोळा करू लागले. आयोजक गोंधळून आभार मानायला धावले.

घरी परतताना ते ताईच्या घरावरून गेले. दोघी खिडकीशी बसून काहीतरी निवडत होत्या, चिंगी बोलत होती आणि ताई ऐकत होती. वर जावं असं त्यांना फार वाटलं. पण दोघींना बघत आपण प्रेक्षकासारखे रस्त्यात उभे राहिलोय हे ध्यानात येताच त्यांनी नजर वळवली आणि भराभर चालू लागले.