साडेचारचं भिंग

याकोबच्या त्या कार्डाला शांतवन भिंगारदिवेनं उत्तर दिलं नव्हतं. ते नगरच्या त्याच्या स्टुडिओतल्या आरशामागं खोचून ठेवलेलं होतं. गिऱ्हाईक भांग पाडायला आरशासमोर उभं राहिलं की कार्डाचा पिवळा कोपरा हलायचा आणि शांतवन नजर दुसरीकडं वळवायचा. मजकूर त्याला तोंडपाठ होता. ‘प्रिय शांतवन, सलाम. भिंग पोचलं का? आडनावातच भिंग असलेल्या माणसाला मी काय शिकवावं! पण हे भिंग तापट आहे. एकदम वश व्हायचं नाही. धीर धर, आणि त्यानं काढलेला पहिला चांगला चेहरा मला पाठव.’

धीर धर. सगळं तिथंच अडलं होतं. शांतवनचं म्हणणं असं, की माल खोटा आहे हे ज्याला ठाऊक असतं, तोच गिऱ्हाइकाला आधीपासून धीर धरायला सांगतो.

लढाई संपली होती. पुण्याच्या लष्कर भागातले गोरे सोल्जर मायदेशी निघाले होते आणि जाताना बूट, घड्याळं, कॅमेरे मिळेल त्या भावात विकत होते. याकोब चक्रनारायण तिथल्याच एका फोटो स्टुडिओत कामाला होता. तो आणि शांतवन नगरच्या मिशन शाळेत एका बाकावर बसलेले. एकाच पाळकाच्या हातून दोघांचा बाप्तिस्मा झालेला. भिंग घ्यायचं म्हटल्यावर शांतवन दुसऱ्या कुणाकडं जाणार?

स्टुडिओतल्या टेबलावर सोल्जरांनी विकलेली तीन भिंगं मांडून याकोब म्हणाला होता, “हे आखूड नको. चेहरा घ्यायला तुला जवळ जावं लागतं, आणि जवळ गेलास की नाक पुढं येतं. आपल्या लोकांची नाकं आधीच देवानं सढळ हातानं दिलीत. हे लांब घे. चार पावलं मागं उभा राहा, चेहरा आहे तसा येईल. आणि याचं तोंड बघ केवढं उघडतं! साडेचारचं आहे; आकडा जितका लहान तितकं तोंड मोठं. ढगाळ दिवशीसुद्धा गिऱ्हाइकाला ‘हलू नका’ म्हणून ओरडायला नको.”

शांतवनला पटलं होतं. त्याचं जुनं भिंग आखूड आणि आठचं. उघडून उघडून उघडणार किती? त्यातही नीट यावं म्हणून तो आतली झडप मिटवून सुईच्या नाकाएवढं भोक ठेवायचा आणि गिऱ्हाइकाला श्वास रोखायला लावायचा. अर्ध्या पोरांचे फोटो त्यापायी रडके यायचे.

पण भिंग त्याच दिवशी हातात आलं नाही. “आत थोडी बुरशी आहे, साफ करून रेल्वेनं पाठवतो,” असं म्हणून याकोबनं ते ठेवून घेतलं. पार्सल आलं तेव्हा शांतवनला भिंगाची पितळी कड दिसली आणि तो थबकला. पुण्यात ती कड काळी होती ना? का उजेड कमी होता? भिंगावर कोरलेला कारखान्याचा नंबर त्यानं तेव्हा वाचलाच नव्हता. बालमित्रासमोर नंबर कोण टिपून घेतो?

मग फोटो बिघडायला लागले.

मिरजगावचे सूर्यभान आपल्या मुलीला, बनीला, घेऊन आले होते. नवरा मुलगा फौजेत, जबलपूरला. रजा मिळत नाही म्हणून त्यानं फोटो मागितला होता. बनी खुर्चीत बसली. एकटीचा फोटो काढायला ती घाबरत होती, म्हणून तिची आत्या झुंबरबाई खुर्चीमागं उभी राहिली. शांतवननं डोक्यावर काळं कापड घेतलं आणि कॅमेऱ्याच्या पाठीच्या दुधी काचेवर बनीचे डोळे जुळवले. पापण्यांचे केस मोजता येतील इतके स्पष्ट. काचेवर शिसपेन्सिलीनं आखलेल्या त्याच्या दोन रेघांच्या मध्ये चेहराही बरोब्बर बसला. या रेघा म्हणजे त्याची स्वतःची युक्ती, आणि तिचा त्याला मनातून अभिमान होता.

फोटो न्यायला बापलेक नाही, बहीणभाऊ आले. सूर्यभाननी फोटो आधी जवळ धरला, मग लांब धरला.

“सायेब, ह्यो फोटू कुनाचा हाय?”

“तुमच्या मुलीचा.”

“न्हाई. ह्यो आमच्या झुंबरआक्काचा हाय. पोरगी धुक्यात, आन् आत्या उन्हात.”

झुंबरबाईनं फोटो ओढून घेतला. “आगं बया! माज्या हनुवटीवरचा केस सुदिक दिसतुया. आरं सूर्यभाना, ह्यो धाडू नगंस जबलपुराला. त्यो मलाच पसंत करंल.”

“करू दे की. तुजी बी सोय हुईल.”

“मुडद्या, थोबाड बघ तुजं!”

दोघंही हसत होते. शांतवनला हसू आलं नाही. फुकट दुसरा फोटो काढून देतो असं त्यानं कबूल केलं, आणि तो जुन्या भिंगानं काढला, झडप होता होईल तेवढी मिटवून. बनीचा चेहरा लख्ख आला. झालं, त्याची खात्रीच पटली. जुनं भिंग इमानी आणि नवं खोटं. याकोबनं पुण्यात दाखवलेलं चांगलं भिंग स्वतःपाशी ठेवून घेतलं आणि तसलंच दिसणारं कुठलंतरी टाकाऊ पाठवलं. बुरशी वगैरे सगळा बहाणा.

पुढं एका लग्नाच्या फोटोत तेच. पुढं बसलेले नवरानवरी धूसर, मागच्या रांगेतले वाढपी ठळक. नवं भिंग जणू मुद्दाम पुढच्यांना सोडून त्यांच्यामागं कोण उभं आहे ते बघत होतं. शांतवननं ते डब्यात घालून कपाटावर ठेवून दिलं. उत्तर लिहायला तो दोनतीनदा बसला. ‘तू मला फसवलंस’ असं लिहिणं त्याच्यानं होईना, आणि ‘भिंग छान आहे’ असंही लिहवेना. न लिहिणं सोपं होतं.

तेही चाललं असतं. पण एका सकाळी जॉर्ज पाळक स्टुडिओत आले. त्यांना फोटो काढायचा नव्हता. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसून त्यांनी टोपी गुडघ्यावर ठेवली.

“शांतवन, मिशनच्या छापखान्याला फोटोच्या कामासाठी माणूस हवाय. याकोब चक्रनारायणचा अर्ज आलाय. सोल्जर गेले, त्याचा पुण्यातला स्टुडिओ बंद पडला. घरी बसलाय बिचारा. काम त्याला येतं, ते आम्हाला माहीत आहे. पण छापखान्यात महागाचं सामान त्याच्या ताब्यात राहणार. तू त्याचा मित्र. माणूस कसा आहे?”

शांतवननं आरशाकडं पाहिलं. पिवळा कोपरा तिथंच होता.

“मी... विचार करून सांगतो, पाळकसाहेब.”

पाळकांचा चेहरा बदलला. त्यांनी टोपी उचलली. “असं होय,” ते हळूच म्हणाले. “रविवारी उपासनेनंतर पंचांची बैठक आहे. तोवर सांग. नाही सांगितलंस तरी समजलं.”

ते गेल्यावर शांतवनला आपण काय बोलून बसलो ते कळलं. त्यांच्या मंडळीत कुणाबद्दल वाईट बोलायची रीत नव्हती. मुलीकडच्यांनी मुलाची चौकशी केली आणि समोरचा म्हणाला, ‘विचार करून सांगतो’, की लोक दुसरं स्थळ बघायला लागायचे. याकोबचं दार त्यानं जवळजवळ लावूनच टाकलं होतं.

दुपारी त्याची बायको दीना शाळेतून आली. ती मिशनच्या मुलींच्या शाळेत शिक्षिका होती आणि घरातही तिची छडी अदृश्य स्वरूपात फिरायची. तिनं सगळं ऐकून घेतलं.

“म्हणजे तुम्ही याकोबभावजींना चोर म्हणालात.”

“मी तसं काही म्हणालो नाही.”

“म्हणाला असतात तर बरं झालं असतं. त्यांना निदान उत्तर तरी देता आलं असतं. पुरावा काय आहे तुमच्याकडं?”

“फोटो आहेत की! जुन्या भिंगानं चांगले येतात, नव्यानं बिघडतात.”

“जुनं कसं वापरता?”

“झडप मिटवून.”

“आणि नवं?”

“उघडं. त्यासाठीच तर घेतलं.”

दीनानं कपाळावर हात मारला. “अहो, एकीला पाढे विचारायचे आणि दुसरीला त्रैराशिक, आणि मग म्हणायचं दुसरी मठ्ठ! परीक्षा घ्यायची तर दोघींना एकच प्रश्न द्या.”

शांतवनला राग आला, कारण ते त्याला सुचायला हवं होतं. पण त्याच्या मनात आलं, हेही बरंच आहे. पुरावा हाती असला की पाळकांपुढं मान खाली घालून उभं राहायला नको. मन असं असतं. मित्र निर्दोष ठरावा म्हणून तो परीक्षा घ्यायला बसला नव्हता, मित्राला पकडायला बसला होता.

त्यानं दीनाचे शाळेतले अंकांचे पुठ्ठे मागून घेतले. एक ते नऊ, बाकावर तिरप्या ओळीत उभे केले, म्हणजे एक सगळ्यात जवळ आणि नऊ सगळ्यात लांब. आधी नवं भिंग, पूर्ण उघडं. दुधी काचेवर त्यानं पाचचा आकडा धारदार होईपर्यंत जुळवला आणि फोटोची प्लेट घेतली. मग कॅमेऱ्याच्या तोंडाची, भिंग बसवायची पाटी बदलून जुनं भिंग लावलं. तेही पूर्ण उघडं. पुन्हा पाचच.

अंधाऱ्या खोलीत तांबड्या काचेच्या कंदिलाखाली त्यानं प्लेटी धुतल्या. नव्या भिंगाच्या प्लेटीवर पाच धूसर होता आणि सहा ठळक. “बघ!” तो दाराआडून ओरडला. “सांगितलं होतं ना! एक घर चुकतंय.”

“आणि दुसरी?” बाहेरून दीनाचा आवाज आला.

दुसरी प्लेट त्यानं कंदिलाजवळ धरली. आकडे एकपासून पुन्हा वाचले.

“अहो?”

“सात,” शांतवन म्हणाला. “सात ठळक आलाय.”

जुनं इमानी भिंग नव्यापेक्षाही एक घर जास्त चुकलं होतं. इतके दिवस ते झडप मिटवून बसायचं, आणि बारीक भोकातून जवळचं-लांबचं सगळंच स्पष्ट येतं, म्हणून त्याची चूक झाकली जायची. दोन्ही भिंगं एकाच बाजूला चुकतात म्हणजे खोटं भिंग नाही. खोटं दुसरंच काहीतरी आहे, आणि ते कॅमेऱ्यात आहे.

तो बाहेर आला. कॅमेऱ्याच्या पाठीशी उभा राहून विचार करताना त्याचं बोट सवयीनं दुधी काचेवरच्या रेघांवरून फिरत होतं. बोटाला शिसं लागलं. त्यानं बोटाकडं पाहिलं, मग काचेकडं.

बोटाला शिसं लागलं, म्हणजे रेघा बाहेरच्या बाजूला होत्या. पेन्सिल गुळगुळीत काचेवर उठत नाही, खरबरीत बाजूवरच उठते. लढाईच्या दिवसांत लष्करी डेपोत कामाला लागणाऱ्या माणसांचे पासाचे फोटो ढिगानं यायचे, आणि डोकं ठरल्या मापाचं लागायचं. रेघा पुसून पुन्हा आखता याव्यात म्हणून त्यानं एका दिवशी काच चौकटीतून काढली आणि उलटी बसवली. खरबरीत बाजू बाहेर. केवढी हुशारी वाटली होती! पण चित्र उमटतं ते खरबरीत बाजूवर, आणि प्लेट जिथं येते नेमक्या तिथंच ती बाजू असावी लागते. काच उलटी झाली की चित्र काचेच्या जाडीएवढं मागं जातं, आणि आखूड भिंगाला ती चूक जास्त भोवते. तो मागं जुळवत होता, आणि भिंगं बिचारी इमानानं मागचं दाखवत होती.

त्यानं चौकटीचे स्क्रू सोडवले, काच फिरवली, पुन्हा बसवली. रेघा आत गेल्या.

“दीना, खुर्चीत बस.”

“आत्ता? माझ्या हाताला खडू आहे.”

“असू दे. इकडं बघ.”

“चोर सापडला वाटतं?” ती बसता बसता म्हणाली.

“हलू नकोस,” तो सवयीनं म्हणाला. मग त्याला आठवलं, की या भिंगाला तसं ओरडायची गरज नाही.

प्लेट वाळायला ठेवून तो तसाच पाळकांच्या घरी गेला. ते ओसरीत रात्रीच्या जेवणानंतरची सुपारी कातरत होते.

“पाळकसाहेब, विचार झाला.”

“आणि?”

“मी स्वतःवर ठेवणार नाही इतका विश्वास त्याच्यावर ठेवा.”

पाळकांनी अडकित्ता थांबवला. “सकाळी तर तुझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता.”

“सकाळी काच उलटी होती,” शांतवन म्हणाला. पाळकांना अर्थातच काही कळलं नाही, पण त्यांनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी फोटो तयार झाला. दीनाचे डोळे असे उमटले होते, की वर्गातली कुठलीही मुलगी ते बघून वही उघडेल. मागची भिंत मऊ, पुसट झाली होती. याकोब म्हणाला होता तसं नाकही आपल्या जागी होतं.

शांतवननं कागद घेतला आणि खूप लिहिलं. पितळी कडेबद्दल लिहिलं, आणि तेच आधी खोडलं. ती पुण्यात काळी होती की पितळी, हे त्याला आता शपथेवर सांगता आलं नसतं. मग बाकीचंही फाडून टाकलं. शेवटी फोटोच्या पाठीवर एवढंच राहिलं: ‘प्रिय याकोब, सलाम. पहिला चांगला चेहरा पाठवतोय. भिंग तापट नाही. काच उलटी बसवली होती, मीच. नगरला आलास की आमच्याकडं उतर. तेव्हा बाकीचं सांगतो, आणि तू हवं तेवढं हस.’

पाकीट चिकटवून तो तोफखाना भागातून पोस्टापर्यंत चालत गेला. पेटीच्या तोंडाशी हात नेल्यावर त्यानं पत्ता पुन्हा वाचला. मग आपण पुन्हा काहीतरी तपासतो आहोत हे त्याच्या लक्षात आलं, आणि त्यानं पाकीट सोडून दिलं.