मी टाकून दिलेल्या चिठ्ठ्या

मी एक नेटवर्क कार्ड. अंथुर्ण्याच्या वस्तीवर, वृषालीच्या कॉम्प्युटरच्या पोटातून बोलतोय. तळहाताएवढा जीव, तार खोचायला एक भोक आणि दोन बारके दिवे. दिवे लुकलुकताना बघून घरातली म्हणतात, "चालू हाय." माणसांना चालू असणं आणि नीट असणं एकच वाटतं.

पुण्यातल्या एका दुकानात मी दोन वर्षं खोक्यात पडून होतो. वृषालीनं मला घेतलं आणि लग्नानंतर तिच्या सामानाबरोबर मीही सासरी आलो. तिच्या कपाटाचं कौतुक झालं. माझी कुणी दृष्ट काढली नाही.

माझं काम सांगतो. तारेतून माहिती बारीक बारीक गाठोड्यांनी येते. प्रत्येक गाठोड्याच्या शेवटी पाठवणाऱ्यानं एक चिठ्ठी अडकवलेली असते. तिच्यावर आतल्या मालावरून काढलेला आकडा. वृषालीची आई डबा धाडून फोनवर सांगते ना, "करंज्या एकवीस हायत, मोजून घे," तसंच. मी तो आकडा पुन्हा काढून बघतो. जुळला तर चिठ्ठी फाडतो आणि माल वर देतो. नाही जुळला तर अख्खं गाठोडं फेकतो. दोन्ही वेळा तोंडातून शब्द नाही. सासूबाई आक्काबाईंना अशीच सून आवडते.

सासरे मानसिंगतात्यांनी सुनेसाठी हौसेनं इंटरनेट घेतलं. टॉवर दिसतो म्हणून अँटेना विहिरीवरच्या खोलीवर बसली. तिथून घरापर्यंत तार आणायची, तर तात्यांनी नवा चर खणला नाही. घरातल्या स्टार्टरपासून विहिरीवरच्या मोटारीला जी वायर जाते, तिच्याच पाइपात माझी तार सारली. "एका पाइपात दोन कामं!" आठवडाभर गावाला सांगत होते.

वृषाली घरून पुण्याच्या ऑफिसचं काम करायची. मग मीटिंगमध्ये दोन्हीकडचे आवाज तुटायला लागले. ऑफिसनं बजावलं, महिनाअखेरपर्यंत सुधारलं तर घरून काम करा, नाहीतर पुण्याला या. नवरा बारामतीच्या एमआयडीसीत कामाला, लग्नाला दोन महिनेही झालेले नाहीत. तात्या अँटेनावाल्याला शिव्या घालत. तो बिचारा दोनदा वर चढून सांगून गेला, "तात्या, हितून समदं नीट निघतंय."

ते खरंच होतं. निघत नीट होतं, पोचत मोडून होतं. ते एकट्या मला माहीत, आणि मला कुणी विचारत नव्हतं.

एका सकाळी वृषालीनं माझा ड्रायव्हर उघडला. ड्रायव्हर म्हणजे मला चालवणारा प्रोग्राम. माझ्याशी बोलायची तेवढीच वाट. तिनं दोन हुकूम बदलले. चिठ्ठ्या फाडू नकोस. आणि बिघडलेली गाठोडीही वर दे.

मी दिली. आजवर झाकलेलं सगळं तिच्यापुढं ओतलं. पडद्यावर जुळलेल्या चिठ्ठ्या हिरव्या, न जुळलेल्या लाल. नऊला शेतीची लाइट आली, मोटार सुरू झाली आणि पडदा लालेलाल झाला.

तिला कळलं, पाइपात शेजारून जाणारी मोटारीची वायरच माल मोडतेय. पण नव्या सुनेनं सासऱ्याच्या पाइपाला नाव कसं ठेवायचं? तिनं चहा केला, कप तात्यांच्या हातात दिला आणि म्हणाली, "तात्या, मोटार जरा बंद करता? आणि हितं बघा."

बंद केली. लाल थांबलं.

"आता चालू करा."

लाल धो धो.

तिसऱ्यांदा तात्या तिनं सांगायची वाट बघत बसले नाहीत. स्वतःच बटण दाबलं, स्वतःच मान वाकडी करून पडदा बघितला. चहा निवून गेला.

"म्हंजी अँटेनावाल्याचं काय न्हाय. माझ्या पाइपाचंच हाय म्हण की."

वृषालीनं निवलेला कप उचलला.

आतून आक्काबाई, "तरी मी म्हनत हुते, येगळा चर खना. एवढ्याशा पोरीनं दावल्यावर पटलं व्हय!"

"तू म्हनत हुतीस, पर ह्या पोरीनं मोजून दावलं," तात्या म्हणाले आणि कुदळ घेऊन बाहेर पडले.

दोन दिवसांत वेगळा चर झाला. आज सकाळी मीटिंग सुरू होताच तात्या स्टार्टरपाशी जाऊन उभे राहिले. "सूनबाई, आता मोटार चालू करतो. तू बोल बिनघोर." पाणी उसात गेलं, वृषाली पाऊण तास बोलली आणि पलीकडून साहेब म्हणाले, "तुमचं घरच बरंय. तिथूनच करा काम."

आता चिठ्ठ्या मी पुन्हा फाडतो. रोज कोण वाचत बसणार? माझ्यावर धूळ साचेल, एक दिवस नवं कार्ड येईल. त्याचं दुःख नाही. तुमच्याही घरात एखादं गप्प राहून काम करणारं असेल. त्याच्या हातून काय काय निसटतंय, हे कधीतरी त्यालाच विचारा. ते सांगेल. नुसती विचारायची खोटी आहे.