एका दिवसाचा ताबा

भाडेकरू ठेवायचा तर काळीज घट्ट लागतं. आमच्या दोन खोल्यांतून जाताना एकानं पंखा नेला, एकीनं नळाची तोटी नेली. एक मास्तर तर दारावर स्वतःच्या नावाची पाटी ठोकून घरमालक होऊन बसला. त्याला काढता काढता माझे यजमान नत्थुजी अंथरुणाला खिळले. तेव्हापासून मी नियमच केला. करार अकरा महिन्यांचा, आणि करार संपला की भाडेकरूनं एक दिवस दोन्ही खोल्या रिकाम्या करायच्या. सामान अंगणात, किल्ली माझ्या हातात. ताबा माझा झाला, एवढं जगाला दिसलं पाहिजे. मग मी फरशी धुऊन आत दिवा लावायची, कारण रिकामं घर अंधारात ठेवत नाहीत. संध्याकाळी नवा करार करून किल्ली परत द्यायची. सगळी गल्ली असंच करते.

आत्ताचा भाडेकरू नबी ऑटोच्या सीटा शिवतो. दर वर्षी तो हसत सामान काढायचा, म्हणायचा, "मावशी, एक दिवसाचा वनवास." यंदाही त्यानं लोखंडी पेटी, शिलाई मशीन, पलंग, सगळं अंगणात मांडलं. त्यात एक नवा पाळणाही होता. त्याच्या बायकोचे, इफ्फतचे, दिवस भरत आले होते. ती चिंचेखाली पेटीवर बसून घाम पुसत होती.

मी स्वयंपाकघरात होते. माझा कुलदीप आला आणि त्यानं ओट्यावर नवंकोरं कुलूप ठेवलं.

"आज किल्ली वापस देऊ नको, आई. कुलूप मी लावतो. वकील म्हने, एकदा ताबा आपला झाला का त्याईचं काही चालत नाही."

"अन् इफ्फत कुठं जाईन?"

"थे नबीनं पाहावं. मी काय धर्मशाळा चालवून राहिलो?"

त्याचं गणित चुकीचं नव्हतं, म्हणूनच मला राग जास्त आला. तिवशातलं त्याचं बियाण्यांचं दुकान बसलं होतं. शेतीत काही उरलं नाही म्हणून खेड्यापाड्यातले लोक पोरांना शिकायला अमरावतीत पाठवत होते, आणि आमच्या गल्लीत जिथंतिथं त्यांच्यासाठी भाड्याच्या खाटा पडत होत्या. एका कुटुंबाच्या जागी आठ पोरं. नत्थुजी वारल्यावर मी घर कुलदीपच्याच नावावर करून दिलं होतं. पण नबीला दुसरी खोली कोण देणार होतं? नाव विचारलं की खोली आधीच भरलेली असते. आणि आज सकाळीच मी इफ्फतला म्हटलं होतं, संध्याकाळी पाळणा मीच टांगून देते.

कुलदीपनं एक किल्ली खिशात घातली, दुसरी बायकोकडे फेकली. "सांभाळून ठेव. आता थ्या खोल्या आपल्या हायेत." रागिणीनं ती झेलली आणि चहा गाळत राहिली.

मी बादली घेतली, दिवा घेतला आणि रिकाम्या खोल्यांत गेले. फरशी धुतली, दिवा लावला. दारापुढच्या ओट्यावर कुलदीपच्या चपला वाजल्या तशी मी आतून कडी घातली.

"आई, बाहेर ये. मले कुलूप लावाचं हाय."

"ताबा कोनाचा हाय आता?" मी खिडकीतून विचारलं.

"आई, तमाशा नको करू. लोक पाहून राहिले."

"पाहू दे. नबीचं सामान आत आलं का मी बाहेर येतो."

मग बाहेरच्या कोयंड्यात कुलूप बसल्याचा आवाज आला. पोटच्या पोरानं मला कोंडलं होतं.

"बस मंग आत," तो म्हणाला. "मी खाटा घेऊन येतो." आणि मोटारसायकल निघून गेली.

नबी हातोडी घेऊन धावत आला, पण दाराशी येऊन थांबला. "मावशी, एका घावात तुटन. पन मी तोडलं तर म्हनतील, मियानं जबरदस्तीनं ताबा घेतला."

"तोडू नको," मी म्हटलं. मला रडू येत होतं आणि ते त्याला दिसू द्यायचं नव्हतं. इफ्फत खिडकीशी येऊन उभी राहिली. मी बस म्हटलं तरी ती बसेना.

उन्हं कलली. फाटकापाशी खाटांची हातगाडी आली, पुढे कुलदीप. त्याच वेळी रागिणी घरातून निघाली. पदराच्या गाठीतून किल्ली काढली आणि सगळ्यांदेखत कुलूप उघडलं.

"काहून उघडलं?" कुलदीप ओरडला.

रागिणीनं आवाज चढवला नाही. "घर तुमच्या नावावर हाय म्हनून आज आईले कोंडलं. उद्या मले कोंडान."

मी कडी काढून बाहेर आले आणि जुनी किल्ली इफ्फतच्या हातात ठेवली. नव्या कुलपाची किल्ली मी रागिणीकडे मागितली, कुलदीपनंही मागितली. तिनं ती कुणालाच दिली नाही, परत गाठीला बांधली आणि पाळण्याचं एक टोक उचललं. दुसरं नबीनं धरलं. खाटांची गाडी फाटकातच उभी राहिली, कारण अंगणातून सामान आत जात होतं.